कोपरा कापलेलं पत्र

खारवंडीची शाळा देवळाच्या ओटीवर भरत असे. पटावर सव्वीस मुलं होती आणि पटावर नसलेल्या अकरा बकऱ्या. दोन्हींत हजेरी बकऱ्यांची चांगली. अठराशे सत्त्याण्णव सालच्या पौषात शाळाखात्याचे डिपोटी साहेब तपासणीला आले. शेरा लिहून त्यांनी वही जरा बाजूला ठेवली आणि एका बकरीने तो शेरा मन लावून खाल्ला. तो चांगला होता. त्यांनी दुसरा लिहिला, तो वाईट होता. होळीच्या आत शाळेला छप्पर आणि दार असलेली जागा मिळाली नाही, तर शाळा बंद करावी आणि शिक्षकाला मोखाड्याकडे पाठवावं, असं त्यात होतं.

शिक्षक म्हणजे त्र्यंबक मास्तर. मूळचे कल्याणचे, अंगाने काटकुळे, आवाजाने खणखणीत. मोखाड्याला वाघ आहेत हे ते ऐकून होते. पण शाळा बंद पडणार, हे त्यांना वाघाहून जास्त लागलं. सात वर्षं खपून त्यांनी खाडीकाठच्या या आगऱ्यांच्या पोरांना अक्षरओळख करून दिली होती. ती पोरं मिठाच्या आगरात परत गेली की वर्षभरात सगळं खाऱ्या पाण्यात विरघळून जाणार, याची त्यांना खात्री होती.

गावात रिकामी, कौलारू आणि दाराची अशी जागा एकच होती. ती काळुराम भोईराची. धक्क्याजवळ नवं कोठार बांधल्यापासून त्याचं जुनं मिठाचं कोठार दोन वर्षं कुलूप लावून पडलं होतं. मास्तरांनी पाच वेळा पदर पसरला आणि पाचही वेळा काळुरामने एकच उत्तर दिलं. "पोर शिकला का चिखलान पाय टाकीत नाय. मंग मीठ कोन काडील? तुमी?"

अशात काळुराम मुंबईला गेला. तिथे प्लेगने थैमान घातलं होतं. पण मिठाच्या व्यापाऱ्याला भेटायचं म्हणून हा हट्टी माणूस दोन रात्री मांडवीला राहून आला. येताना कल्याण स्टेशनात सगळ्यांना खाली उतरवलं, काखा तपासल्या, जिभा बघितल्या. साथ जिथे सुरू झाली त्या मांडवीचं नाव ऐकताच डॉक्टरने काळुरामला कल्याणबाहेरच्या माळावर चटयांच्या झोपड्यांत नेऊन घातलं. तिथला मुक्काम दहा दिवसांचा.

बातमी खारवंडीत पोचली आणि गावाने काळुरामच्या घराकडची पायवाटच सोडली. बिचारी कमळाबाई, त्याची बायको, कधी मुंबईचं तोंड न पाहिलेली. पण तिच्या हाताला हात लागू नये म्हणून बाया विहिरीवरून घागरी रिकाम्या घेऊन परतायला लागल्या. काळुरामचा धाकटा भाऊ भिवा शेजारच्याच घरात राहायचा. त्याने मधल्या कुडाला काट्यांचं कुंपण घातलं आणि पलीकडून मोठ्याने विचारपूस सुरू केली.

त्र्यंबक मास्तरांना हे पाहवलं नाही. कोठारही डोळ्यांपुढून हलेना. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि कोणती आधी सुचली, हे मास्तरांनी स्वतःला विचारलं नाही. त्यांनी शाळेत जाहीर केलं की संकटात माणसाला एकटं टाकणं हे अडाणीपणाचं लक्षण आहे. दुसऱ्या दिवसापासून मोठी मुलं पाळीपाळीने कमळाबाईच्या दारात पाण्याची घागर ठेवू लागली, तिची म्हैस चारायला नेऊ लागली. लहान मुलांनी रोज काळुरामला पत्र लिहायचं.

मुलांना पत्राचे मायने दोनच येत, एक वडिलांना लिहायचा आणि एक मामलेदाराला. काळुराम कोणाचाच वडील नसल्याने बहुतेकांनी त्याला मामलेदार केला. "मेहेरबान काळुराम काका यांचे सेवेशी," एकीने लिहिलं, "अर्ज ऐसा जे तुमची म्हैस व्यायली. रेडकू झाले. ते पाय झाडते. तुम्हांस गाठ आली काय? आली असल्यास उलट टपाली कळवावे." दुसऱ्याला काही सुचेना, म्हणून त्याने एकोणतीसचा पाढा लिहून दिला. मास्तरांनी शुद्धलेखन तपासलं, मजकुराला हात लावला नाही. काळुरामला अक्षर वाचता येत नव्हतं, पण तिथल्या कारकुनाकडून तो वाचून घेईल आणि पाझरेल, असा त्यांचा हिशेब होता.

दहा दिवस झाले, काळुराम आला नाही. अकरावा दिवस गेला. बाराव्या दिवशी दुपारी नाथा टपालवाला कमळाबाईच्या अंगणात आला आणि उंबऱ्यापासून चार हातांवर थांबला. एरवी ओरडत येणारा माणूस, आज खाली मान घालून त्याने पत्र जमिनीवर ठेवलं. पत्राचा वरचा कोपरा कापलेला होता.

आता कोपरा नसलेलं पत्र म्हणजे काय, हे खारवंडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. घरातलं माणूस गेलं, की ते कळवणाऱ्या पत्राचा कोपरा फाडतात. असं पत्र घरात नेत नाहीत, ठेवत नाहीत. तिथल्या तिथे फाडून पाण्यात सोडतात. वाचायचं असलं तर आधी वाचतात एवढंच. पण वाचता येणारा माणूस देवळाच्या ओटीवर होता आणि कमळाबाईला धीर नव्हता. तिने हंबरडा फोडला, पत्राचे चौदा तुकडे केले आणि खाडीत टाकले. मास्तर धावत आले तेव्हा एकच तुकडा चिखलात राहिला होता. त्यांनी तो काठीने उलटा केला. त्यावर नुसतं 'काळजी' एवढंच होतं आणि त्याला गंधकाचा वास येत होता.

"काय होतं पत्रात?" मास्तरांनी विचारलं.

"कोपरा नव्हता," भिवा म्हणाला. त्यापुढे विचारण्यासारखं काही राहिलं नाही.

कोणी कल्याणला जाऊन खात्री करावी, असं मास्तरांच्या मनात आलं. पण जो जाईल त्यालाच झोपडीत घालतील हे सगळ्यांना माहीत होतं, आणि प्लेगने गेलेल्याचं प्रेत सरकार परत देत नाही हेही माहीत होतं. शिवाय दहा दिवसांचा मुक्काम उलटूनही माणूस आला नव्हता. सगळं कसं जुळत होतं. कमळाबाईने बांगड्या फोडल्या, भिवाने डोकं भादरलं आणि मुलांची पत्रं बंद झाली.

चौथ्या दिवशी मास्तर समाचाराला गेले. खरं सांगायचं तर जाताना त्यांच्या मनात कोठाराचा विचार नव्हता. निदान दारापर्यंत नव्हता. कमळाबाई कोपऱ्यात बसली होती.  तिने कनवटीची किल्ली काढून मास्तरांपुढे ठेवली.

"सगल्या गावानं मना टाकली," ती म्हणाली. "पानी कोनी दिला त तुमच्या पोरांनी. आमच्या ह्यांच्या नावानं शाला करा."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दुःखाचं किती आणि आनंदाचं किती, हे त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं आणि त्याची त्यांना रात्रभर लाज वाटली. पण सकाळी त्यांनी कोठार उघडलं, झाडून घेतलं, बकऱ्यांच्या तोंडावर दार लावलं. एका फळीला काव फासून त्यावर चुन्याने ठळक अक्षरांत लिहिलं: 'कै. काळुराम भोईर मराठी शाळा, खारवंडी.' डिपोटी साहेबांना कळवलं. होळीला अजून आठवडा होता.

दहाव्याच्या दिवशी सगळा गाव खाडीवर जमला. टाळणारे होते तेच आता सगळ्यांत पुढे होते. भटजी डोंबिवलीहून आले होते. पानावर भाताचा पिंड ठेवला, बाजूला वडे ठेवले, आणि काळुरामचा जीव की प्राण म्हणून कमळाबाईने चार वाकट्याही भाजून ठेवल्या. भटजींनी मासळीकडे पाठ केली आणि सगळे कावळ्याची वाट पाहू लागले.

कावळे होते. समोरच्या उंडीच्या झाडावर सात होते. पण एकही खाली येईना. ऊन चढलं, वडे वाळले, कावळे नुसते माना वाकड्या करून बघत राहिले.

"आत्मा कुठेतरी अडकलाय," भटजी म्हणाले. त्यांना दुपारची गाडी गाठायची होती. "काही राहिलं असेल तर बोला. कबूल करा."

भिवा पुढे झाला. वहिनीला अंतर देणार नाही, म्हणाला. कावळा हलला नाही. म्हशीला पोटच्या पोरीसारखी सांभाळीन, म्हणाला. कावळ्याने पंख खाजवला. भिवाने इकडेतिकडे बघितलं, घाम पुसला आणि आवाज खाली आणला.

"दादा, आगराचा बांध मी चार हात सरकवला. गेल्या साली, तू आजारी होतास तवा. मागं घेतो."

लोकांमध्ये कुजबुज झाली, पण कावळे ढिम्म. आता भटजींनी मास्तरांकडे पाहिलं. एवढ्या मुलांचा गुरू, याने बोलायला हवं असं सगळ्यांनाच वाटलं. त्र्यंबक मास्तर पुढे आले. चांगलं भाषण करायचं त्यांच्या मनात होतं, पण पानावरच्या वाकट्या पाहिल्या आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"काळुराम, ती पत्रं मी तुमच्या मायेपोटी लिहून घेतली नाहीत. कोठारावर डोळा होता माझा. पोरांना मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं, त्यांचं सगळं खरं होतं. तुमची इच्छा नसेल तर कोठार आजच रिकामं करतो. मोखाड्याला जातो."

एकही कावळा हलला नाही. गर्दीच्या मागे मात्र कोणीतरी धापा टाकत थांबलं आणि घोगऱ्या आवाजात विचारलं.

"कोन मेला?"

मागच्या माणसाने वळून पाहिलं आणि तो खाडीत पडला. बाकीचे बाजूला झाले. दाढी वाढलेला, धुळीने माखलेला, काखोटीला कागदांचं गाठोडं धरलेला काळुराम भोईर कल्याणपासून चालत आला होता. त्याने भिवाचं तुळतुळीत डोकं बघितलं आणि बायकोचे रिकामे हात बघितले.

"बोला ना," तो म्हणाला. "दहा दिस पत्र नाय. मना वाटला गावान पिलेग शिरला, सगली मेली. म्हशीचा कलवनारा पन कोनी उरला नाय. कोन मेला?"

 शेवटी कमळाबाई उठली.

"तुमी," ती म्हणाली, आणि रडता रडता तिला एवढा राग आला की ती त्याच्या अंगावर धावून गेली. "कोपरा कापून पत्र कशाला धाडला? मी बांगड्या फोडल्या त्या कोन भरील?"

मग हळूहळू उलगडा झाला. काळुरामच्या झोपडीत एकाला ताप आला, म्हणून सगळ्यांचे दहा दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले. मुक्काम वाढला, काळजी करू नका, असं कळवायला त्याने कारकुनाकडून पत्र लिहवलं होतं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राचा कोपरा तिथला डॉक्टर कातरीने उडवायचा आणि पाकिटात गंधकाची धुरी द्यायचा. रोग पत्रातून जाऊ नये म्हणून. साहेबाला कोपऱ्याचा अर्थ ठाऊक नव्हता आणि काळुरामने ते कातरणं पाहिलंच नव्हतं.

"मग आता या विधीचं काय?" भटजींनी विचारलं. जिवंत माणसाचा दहावा कसा आवरावा, हे त्यांच्या पोथीत नव्हतं.

काळुरामचं लक्ष पानाकडे गेलं. वीस दिवस सरकारी खिचडी खाऊन त्याची जीभ मेली होती. तो मांडी घालून बसला आणि त्याने एक वाकटी उचलली. "माज्याच नावाची ना?" म्हणाला आणि खाऊ लागला. दुसरी संपत आली तेव्हा उंडीवरून एक कावळा उतरला, काळुरामच्या गुडघ्यापाशी आला आणि पिंड टोचू लागला. भटजींनी लगबगीने पळी उचलली. कावळा शिवला, ते म्हणाले, उठा आता सगळे.

त्र्यंबक मास्तर मात्र उठले नाहीत. त्यांनी कोठाराची किल्ली काढून काळुरामपुढे ठेवली आणि मोखाड्याचे वाघ मनाशी मोजायला सुरुवात केली.

काळुरामने बोटं पुसली. "यी किल्ली तुमच्यापाशी कशी?"

"मी दिली," कमळाबाई म्हणाली. "तुमच्या नावानं शाला काडली."

 काळुरामने काखोटीचं गाठोडं सोडलं. आत मुलांची सगळी पत्रं होती, मळलेली, घड्यांवर झिजलेली. झोपडीतल्या तीस माणसांत टपाल फक्त त्याला यायचं, तो सांगू लागला. रोज सगळे गोळा होऊन ऐकायचे. रेडकू उभं राहिलं त्या दिवशी सगळ्यांनी गूळ खाल्ला. एका बोहऱ्याने तर एकोणतीसचा पाढा पाठ केला.

"मास्तर, तुमचा डोला कुठं होता तो मी मागं उभा राहून आयकला," काळुराम म्हणाला. "पन पत्रान मीच सांगितलेला. कोठार मास्तराला दे. तिनं फाडला नसता त वाचला असता."

 सात वर्षांत पहिल्यांदाच मास्तरांचा खणखणीत आवाज बसला. काळुरामने किल्ली त्यांच्या हातात परत कोंबली. भिवा मघापासून गर्दीतून मागे मागे सरकत होता, त्याला त्याने नावाने हाक मारली आणि बांध उद्या सकाळी मोजू, असं सांगितलं.

मग सगळी वरात शाळा बघायला निघाली. दारावरच्या पाटीपुढे काळुराम थबकला. त्या वीस दिवसांत कारकुनाकडून तो अक्षरं ओळखायला शिकला होता, तीही मुलांच्या पत्रांवरूनच. त्याने बोट वर केलं आणि एकेक अक्षर लावायला घेतलं. का. ळु. रा. म. त्याचा चेहरा फुलला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतःचं नाव पाटीवर वाचलं होतं.

"आनि त्याच्या म्होरचा ह्यो 'कै' कसला?"

"तो... मानाचा असतो," मास्तर चाचरत म्हणाले. "मी आत्ता पुसून टाकतो."

"मेलेल्या मानसाला लावतात तो," कमळाबाई म्हणाली. गेले पाच दिवस ती येताजाता मुलांना तेच विचारत होती.

मास्तर ओला फडका घेऊन स्टुलावर चढले होते. काळुरामने पाटीकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं, आणि त्यांचं धोतर धरून त्यांना खाली ओढलं.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "कदी ना कदी लागंलच. परत कोन रंगवीत बसंल?"