माणूस साफ हाय

अंजूरच्या हिरामण तरेचं म्हणणं असं होतं, की माणूस पारखायला त्याला दोनच गोष्टी लागतात. एक, त्या माणसाचं पूर्ण नाव. दुसरी, चार्ज केलेला फोन. खुद्द माणूस समोर असायची काही गरज नाही, उलट असला तर अडचणच होते.

ही विद्या त्याला गोदामामुळे मिळाली. खाडीकडच्या त्याच्या जमिनीवर गोदाम उभं होतं आणि ते घ्यायला आलेली एक पार्टी त्याला फार गोड बोलणारी वाटली. वकिलाला विचारलं तर वकील म्हणाला, कोर्टाच्या वेबसाइटवर नाव टाकून बघा की, कुणालाही बघता येतं. हिरामणनं बघितलं. त्या पार्टीवर चार खटले निघाले. तेव्हापासून हिरामणचा देवावरचा विश्वास होता तेवढाच राहिला, पण वेबसाइटवरचा फार वाढला.

रोज सकाळी देवळाच्या मंडपात खुर्ची टाकून तो बसायचा. लोक नावं घेऊन यायचे. कुणाला भाडेकरू तपासायचा असे, कुणाला ड्रायव्हर, कुणाला होणारा व्याही. हिरामण आधी शिकवायचा आणि मग शोधायचा. राज्य निवडा, जिल्हा ठाणे, मग भिवंडीचं कोर्ट. नावाची निदान तीन अक्षरं टाका. मग वर्ष. वर्ष टाकल्याशिवाय ती साइट जागची हलत नाही, म्हणून एकेक वर्ष टाकून बघावं लागतं, खाडीत जाळं टाकतात तसं. आलं तर आलं, नाहीतर पुढचं वर्ष. शेवटी साइट चित्रात दाखवते ती वाकडीतिकडी अक्षरं ओळखून लिहायची. ती त्याला जन्मात ओळखता आली नाहीत. तिथं आलं की तो फोन मुलीपुढे धरायचा.

काही सापडलं नाही, की हिरामण फोन मांडीवर पालथा ठेवून निकाल द्यायचा, "माणूस साफ हाय." आणि सापडलं, तर नुसतं हुंकारायचा. त्या हुंकारानं गावात तीन सोयरिकी आणि एक भागीदारी मोडली होती. नावापुढचं 'पाहा' बटण दाबलं की खटल्याचं पुढे काय झालं ते कळतं, हे त्याला ठाऊक होतं. पण तेवढं खोल जायची त्याला गरज वाटत नसे. कोर्टात नाव उगाच लागत नाही, हे त्याचं ठाम मत होतं.

त्याची मुलगी मृणाली भिवंडीत एका लॅबमध्ये कामाला होती. आई लहानपणीच गेलेली, तिला वाढवलं हिरामणच्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं. आक्काला अख्खं गाव वचकून असायचं आणि त्या गावात हिरामणचा नंबर पहिला होता. तर या मृणालीनं एक दिवस जेवताना सांगून टाकलं, की तिला राहनाळचा धनेश भोईर पसंत आहे. मुलगा आक्कानं आधीच बघितला होता आणि तिलाही आवडला होता. राहिला हिरामण. त्यानं एवढंच विचारलं, मुलाच्या बापाचं पूर्ण नाव काय?

केसरीनाथ बाळाराम भोईर.

हिरामणच्या कपाळाला आठी पडली. नाव कुठंतरी ऐकलेलं होतं. कुठं ते आठवेना. आपण त्या माणसाला कधी भेटल्याचं आठवत नाही, तरी नाव तोंडपाठ असावं तसं वाटतंय, म्हणजे नक्की पेपरात आलं असणार, आणि चांगल्या गोष्टीसाठी माणसाचं नाव पेपरात येत नाही, असा त्यानं हिशेब मांडला.

दुसऱ्या दिवशी मृणाली ड्युटीवर गेल्यावर त्यानं मंडपात जाळं टाकायला घेतलं. अक्षरं ओळखायला किराणावाल्याला बसवलं. दोन हजार पंचवीसपासून मागे जात जात दुपार झाली. लोक जेवून परत आले. दोन हजार चारला जाळं जड लागलं. महाराष्ट्र शासन विरुद्ध केसरीनाथ बाळाराम भोईर आणि इतर. कलम १४३, ३४१. बेकायदा जमाव आणि रस्ता अडवणं.

हिरामणनं या वेळी हुंकार दिला नाही. मुलीच्या आयुष्याचा प्रश्न होता, म्हणून त्यानं ते मोठ्यानं वाचलं. दोनदा वाचलं. संध्याकाळपर्यंत ते राहनाळला पोचलं आणि पोचेपर्यंत रस्ता अडवण्याची वाटमारी झाली होती.

मृणाली घरी आली तोवर तिला धनेशचा फोन येऊन गेला होता. रडली नाही, ओरडली नाही. बापासमोर बसली आणि म्हणाली, "नकार द्यायचाय ना? मग त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या तोंडावर द्या. मंडपातून नाही."

आक्काचंही तेच म्हणणं पडलं. सोयरीक मोडायची तर मोठ्या माणसानं जाऊन, दारातलं पाणी पिऊन मोडायची, ही आपली रीत आहे. हिरामणला रीत मान्य होती. फक्त तिथं आपल्यालाच जायचंय हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं.

रविवारी तिघं रिक्षानं राहनाळला गेले. केसरीनाथ दारातच उभा होता. टक्कल पडलेला, जाड भिंगांचा चष्मा लावलेला, हळू बोलणारा माणूस. त्यानं पाणी दिलं, चहा सांगितला, धनेशला आतल्या खोलीत जायला लावलं आणि हिरामणनं घसा साफ करायच्या आत स्वतःच विषय काढला.

"शेठ, तुम्ही वाचलंत ते खरं आहे. केस होती. सहा वर्षं चालली."

हिरामणनं आक्काकडे बघितलं. त्या बघण्यात 'ऐकलंस?' असं होतं.

मग केसरीनाथ सांगत गेला. कशेळीच्या नाक्यावर त्या वर्षी रास्ता रोको झाला होता. रस्ता धड करा म्हणून लोकांनी रस्ता अडवला. पोलिसांनी माणसं गाडीत घातली, नावं लिहून, सह्या घेऊन संध्याकाळी सोडली. केसरीनाथ त्या दिवशी तिथं नव्हताच, घरी भात झोडत होता. तिथं कुणीतरी पोलिसांना त्याचं नाव सांगितलं. बापाच्या नावासकट, गावासकट. चार महिन्यांनी समन्स घरी आलं. तो मी नव्हे, हे सांगायला त्यानं पहिली तारीख घेतली आणि ते ऐकून घ्यायची पाळी येईपर्यंत एकेचाळीस तारखा झाल्या. शेवटी हवालदारानं कोर्टात सांगितलं, नाव सांगणारा हा नव्हे, तो उंच होता, मिशीवाला. निर्दोष सुटला.

"तुम्ही 'पाहा' दाबलं असतंत तर तिथंच लिहिलेलं आहे," केसरीनाथ म्हणाला. यात टोमणा नव्हता, माहिती होती.

हिरामणच्या हातातला चहा तसाच राहिला. त्याचा हात आपोआप मिशीकडे गेला होता. तो त्यानं खाली घेतला.

आता त्याला नाव आठवलं होतं. पेपरात नव्हतं आलं. रास्ता रोकोच्या आदल्या रविवारी कबड्डीच्या मैदानात माईकवर दिवसभर तेच चाललं होतं. राहनाळचा केसरीनाथ बाळाराम भोईर, राहनाळचा केसरीनाथ बाळाराम भोईर. आणि नंतर नाक्यावर हवालदारानं वही उघडून नाव विचारलं, तेव्हा हिरामणच्या डोळ्यांसमोर पोलीस नव्हते, आक्का होती. पोर पाच वर्षांची हाय, मोर्च्याबिर्च्यात गेलास तर घरात घेणार न्हाय, असं ती सकाळीच म्हणाली होती. तोंडाला आलं ते नाव त्यानं सांगितलं, सही ठोकली आणि संध्याकाळी घरी येऊन मासळी-भात जेवला. आठ दिवसांत तो ते विसरून गेला. आपण दुसऱ्याचं केलेलं माणूस किती सहज विसरतो, हे त्या खुर्चीत बसून त्याला पहिल्यांदा कळत होतं आणि कळून फार बरं वाटत नव्हतं.

"पोलीस पाटील म्हणून माझं नाव जवळजवळ नक्की होतं," केसरीनाथ सांगत होता. "केस चालू म्हणून गेलं. त्याचं एवढं नाही. पण त्याच वर्षांत आई गेली. शेवटी शेवटी मला विचारायची, खरं सांग, व्हतास का तू तिथं? जन्म दिलेल्या बाईला खात्री वाटेना. ते मला अजून लागतं."

तो उठला आणि कपाटातून प्लास्टिकची फाइल घेऊन आला. सगळ्या कागदांची कोर्टातून रीतसर नक्कल काढून ठेवली होती. त्यातला एक कागद, पोलिसांनी सही घेऊन सोडलं तेव्हाचा, त्यानं हिरामणपुढे धरला. हिरामण म्हणाला, चष्मा घरी राहिला. चष्मा त्याच्या खिशात होता. म्हणून कागद मृणालीनं घेतला.

तिनं वरून खाली वाचलं. खाली सही होती. नाव केसरीनाथ भोईरचं होतं, पण शेवटच्या अक्षराला लांब शेपूट आणि शेपटाखाली दोन टिंबं होती. पहिलीपासून दहावीपर्यंत तिच्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी तेच शेपूट आणि तीच दोन टिंबं पडली होती. तिनं ती सही एकदा बापाला न विचारता मारूनही बघितली होती, इतकी ती तिच्या ओळखीची होती.

तिनं कागद हळूच बापाच्या मांडीवर ठेवला. "पप्पा, हे तुम्हीच वाचा. मोठ्यानं."

हिरामणनं खिशातून चष्मा काढला. वाचायला काही लागणार नव्हता, तरी लावला.

"ही सही माझी आहे," तो म्हणाला.

बाहेरून एक कंटेनर गेला, खिडकीची तावदानं वाजली आणि थांबली. केसरीनाथनं फाइल मिटली.

"माझंच नाव का?"

"त्या रविवारी माईकवर दिवसभर तुमचंच नाव होतं. तोंडात बसलं होतं."

"शेवटची पकड माझी होती," केसरीनाथ सावकाश म्हणाला. "अंजूरवाल्याचा पाय धरला होता मी."

"माझाच पाय."

केसरीनाथला हसू आलं की काय, हे हिरामणला कळलं नाही, कारण त्यानं तोंड फिरवलं होतं. मग भिंतीकडे हात करून तो म्हणाला, "मला नका सांगू. मला माहीत होतं मी नव्हतो. तिला सांगा."

भिंतीवर त्याच्या आईचा फोटो होता. हिरामण उठला. फोटोसमोर उभा राहिला आणि हवालदारापुढे एकवीस वर्षांपूर्वी जे सांगायचं राहून गेलं होतं ते त्यानं सांगितलं. "हिरामण काळूराम तरे. राहणार अंजूर. त्या दिवशी मी होतो, आय. तुमचा मुलगा नव्हता." त्याला लाज वाटली, आणि ती वाटायला इतकी वर्षं लागली याची आणखी वाटली.

केसरीनाथनं डोळे पुसले. पोरांचं लग्न पोरांनी ठरवावं, आपल्याकडून आडकाठी नाही, असं तो म्हणाला. फक्त जे मंडपात वाचलं गेलं, त्याचा राहिलेला भागही मंडपातच वाचला जावा. हिरामणनं मान हलवली.

आता नकाराचं काय करायचं, हे राहिलं होतं. शेवटी आक्कानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"हिरामण, पोरीला साधं सासर पायजे, साधं सासर पायजे, असा वर्षभर घोकतोस. यो बाबा तुज्या वाटच्या एकेचाळीस तारखा करून आला. यापक्षी साधा मानूस तुला कोनची वेबसाइट देनार हाय?"

तिघं परतीच्या रिक्षात बसले. अंजूर फाटा आल्यावर मृणालीनं हात पुढे केला आणि बापाचा फोन मागितला. तिनं राज्य निवडलं, जिल्हा निवडला, भिवंडी निवडलं. नावाच्या रकान्यात बापाचं नाव टाकलं, वर्ष दोन हजार चार. वाकडीतिकडी अक्षरं पहिल्या फटक्यात बरोबर लिहिली आणि फोन त्याच्या हातात दिला.

"काय आला?" आक्कानं विचारलं.

हिरामणनं वाचलं, "नोंद आढळली नाही."

सवयीनं त्यानं फोन मांडीवर पालथा ठेवला. पुढचे तीन शब्द ओठांपर्यंत आले होते. आक्का आणि मृणाली, दोघीही त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यानं ते गिळले आणि रिक्षावाल्याला म्हणाला, "घराकडं नको. देवळाशी थांबव."