माकुरीताचा वाफा

माकुरीताच्या वाफ्यातल्या रताळ्याच्या वेलींनी नीट मूळही धरलं नव्हतं, तोच रेबेका मावशी कुंपणाशी येऊन उभी राहिली आणि "बुबुस" म्हणाली. आमच्या बेटावर नातलगाने हा शब्द उच्चारून काही मागितलं की नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हटलं तर तोंड दाखवायला जागा उरत नाही. आणि बेट एवढंसं, की नात्यात नसलेला माणूस शोधायचा तर होडी काढून दुसरीकडे जावं लागेल.

"दोन वेली दे गं. तुझ्या आईची सख्खी बहीण आहे मी."

"मावशी, हा लोकांना दाखवायचा वाफा आहे! समुद्राचं पाणी लागवडीच्या खड्ड्यांत शिरून अळूचे कंद कुजतायत, म्हणून तर मी राजधानीला, तारावाला जाऊन शिकून आले. ख्रिसमसच्या आधी शेतीखात्याचे साहेब येणार. वाफा दिसला तर शेतीशाळा आपल्या गावात, नाहीतर जाईल उत्तरेच्या गावाला!"

"बरं, मग दोनच दे."

शिकायला मात्र कुणी फिरकत नव्हतं. अळू कसं पोसायचं हे इथे ज्याच्या त्याच्या घराण्याचं गुपित. बाप ते मुलालाही मरता मरता सांगणार. सभाघरात बेतारिमकाका सगळ्यांदेखत म्हणाले, "कालची पोर आम्हाला माती शिकवणार?" आणि संध्याकाळी टोपली घेऊन त्याच पोरीच्या दारात हजर.

"बुबुस. एक टोपली माती दे."

काकांना माती दिली म्हणून त्यांच्या मेव्हण्याला द्यावी लागली. मग वाफ्याचे नारळाचे ओंडके गेले, भोपळ्याची रोपं गेली, झारी गेली. माकुरीताचा नवरा काउतू भडकला. त्याने 'मागू नये' अशी मोठ्या अक्षरांत पाटी लावली. दुसऱ्या दिवशी चुलतभावाने ती पाटीच मागितली. त्याच्या डुकरांच्या खोपटाला दार नव्हतं.

माकुरीताला नाही म्हणता येत नव्हतं, पण बोलायला कुणाची भीती? रोज संध्याकाळी ती घरोघर जाऊन आपल्या वेलींची खबर घेई आणि खडसावून येई.

"मेल्यांनो, खाऱ्या विहिरीचं पाणी ओतताय? वाफा उंच करा! खाली मासळीची आतडी, वर कुजका पाला, मधे गंजका डबा! गंजातलं लोह मुळांना लागतं!"

"आम्हाला शिकवू नकोस," लोक म्हणत. "डबा किती खोल पुरायचा तेवढं सांग."

अखेर तेकाबूसाहेब उतरले. अनवाणीच, कारण मागच्या गावात त्यांचा आतेभाऊ भेटला होता. वाफ्याच्या जागी चार खुंट्या आणि एक कोंबडी होती.

"वाफा कुठाय?"

"होता, साहेब."

"मग?"

"मागितला."

साहेबांनी आपल्या पायांकडे पाहिलं. "समजलं. पण मी वर काय दाखवू, कोंबडी? शाळा उत्तरेला द्यावी लागेल."

माकुरीताचे डोळे भरून आले. एवढ्या महिन्यांची मेहनत, आणि गावापुढे नाचक्की. पण पाहुण्याला उपाशी कसं धाडणार? सगळे सभाघरात जमले. घरटी एकेक ताट आलं आणि साहेब बघतच राहिले. रताळी, भोपळा, हिरवीगार भाजी! तांदळाची बोट महिनाभर फिरकली नव्हती, आणि इथे ताटं ठेवायला जागा पुरेना.

"हे पिकवलं कुणी?"

बेतारिमकाका साहेबांच्या कानाशी वाकले. "कुणाला सांगू नका. आमच्या खापरपणजोबांचं गुपित आहे. वाफा उंच करायचा. खाली मासळीची आतडी, वर कुजका पाला, मधे गंजका डबा."

काका सरकले, तशी रेबेका मावशी पुढे आली. तिच्या घराण्याचं गुपितही मासळीच्या आतड्यांपासूनच सुरू होत होतं. मग मेव्हणे आले, चुलतभाऊ आले. सातव्या गुपिताला साहेबांना हसू आवरेना. हसत हसत ते उठले आणि सगळं गाव हिंडून आले. प्रत्येक दारात वाफा होता.

"माकुरीताबाई," परत येऊन त्यांनी सभाघर दणाणेल असं जाहीर केलं, "आजवर शाळेत येऊनही लोक शिकत नाहीत, असंच पाहत आलो. तुम्ही न येणाऱ्यांना शिकवलंत! शाळा इथेच होईल."

एकच जल्लोष झाला. बायका नाचायला उठल्या, काउतूने माकुरीताच्या गळ्यात फुलांची माळ घातली आणि तिला हसावं की रडावं कळेना.

टाळ्या थांबल्यावर बेतारिमकाका खाकरले. "शाळेत पहिला पाठ मीच देईन म्हणतो. आणि माकुरीता, तू अगदी पुढे येऊन बस हो. अख्ख्या गावात एकट्या तुझाच वाफा ओसाड पडलाय."