डावीकडचं मोठं

मेश्राम सरांना "बरे आहात ना?" असं विचारायची सोय नव्हती. "एका दिवसावरून कसं सांगू, ताई?" म्हणायचे. भाजीवालीकडे एका भेंडीचं टोक मोडून भागायचं नाही, वीस मोडायचे. "एकीवरून निकाल नाही नं!" ते म्हणायचे. ती म्हणायची, "काका, आता त्या वीसच घेऊन जा." ते निमूट घ्यायचे.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत ते समोरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहत. मूळचे वर्ध्याचे, निवृत्त खगोलशास्त्रज्ञ. काम काय, तर दिसत नाही ते तोलायचं! अवकाशातल्या अदृश्य पदार्थाच्या ओढीनं प्रकाश वाकतो म्हणे, आणि त्याच्या पार मागे असलेल्या दीर्घिका किंचित मोठ्या, किंचित उजळ दिसतात.

"किंचित म्हणजे किती हो?"

"एकीवरून कळणारच नाही इतकं. तिचं मूळ माप कोणाला ठाऊक? हजारोंची सरासरी काढायची नं, मोकळ्या आकाशातल्यांशी ताडून बघायची."

दर गुरुवारी सहाला बेल वाजायची. "ताई, दोन फोटो बघता का? कुठले ठिपके मोठे, तेवढं सांगा. मी मोजलं तर मनासारखं येतं. परका डोळा पाहिजे."

तेव्हा मी जेमतेम पासष्टची, म्हणजे अक्कल यायची होती. साडेसहाला माझी मालिका. चष्मा घरीच ठेवून जायचे, उभ्या उभ्या "डावीकडचं मोठं!" ठोकून द्यायचे आणि पळायचे. चहा? "पुढच्या वेळी!" वर भिशीत त्यांची नक्कल करून हशा मिळवायचे. आणि विज्ञानाला माझा हातभार लागतो म्हणून मिरवायचेही मीच. अशी तेरा वर्षं.

गेल्या महिन्यात सर गेले. त्यांची भाची आवराआवर करायला आली, तिनं एक खोकं आणून दिलं. "मामांनी तुमच्यासाठी ठेवलंय."

मला आधी भीती वाटली ती माझ्या डावीकडची. "माझ्या थापांनी त्यांचं संशोधन चुकलं नाही ना गं?"

"तुमच्या? मोजणी सगळी कॉम्प्युटरवरच व्हायची, आजी."

खोक्यात तेच फोटो, जोडीजोडीनं चिकटवलेले. पहिल्यांदाच चष्मा लावून पाहिले. प्रत्येक जोडीत डावीकडे आणि उजवीकडे एकच फोटो होता.

मागे त्यांचं बारीक अक्षर. "दोन मिनिटं." "चार." "आल्या नाहीत." "तीन. हसल्या."

सरासरी कुठेच काढलेली नव्हती. हजार गुरुवार भरायचे होते ना.