छकुलीचा अधिकृत पहिला घास

छकुलीला मंगळवारी सहा महिने पूर्ण झाले आणि बुधवारी सकाळी अकरा वाजता, पर्यवेक्षिका मॅडमच्या उपस्थितीत, तिने आयुष्यातला पहिला घास खावा असे ठरले. मॅडमना त्याच दिवशी आणखी दोन गावांतले पहिले घास उरकायचे होते, त्यामुळे वेळेत बदल होणार नव्हता.

छकुलीची आई पुष्पांजली धामणगाव बढेजवळच्या एका गावात अंगणवाडी चालवत होती. सहा महिने आईच्या दुधाशिवाय लेकराला काही द्यायचे नाही, पाणी नाही, घुटी नाही, मधाचे बोट नाही, हे ती नऊ वर्षे घरोघर सांगत आली होती. त्यापायी गावातल्या निम्म्या सासवांनी तिच्याशी बोलणे सोडले होते. उरलेल्या निम्म्या तिचे सगळे ऐकून घेत आणि ती गेल्यावर घुटी उगाळत. तिच्याच घरी पाळणा बांधला गेला तेव्हा दोन्ही पक्ष सावध झाले.

"लोकाईच्या लेकराईले कायदे सांगते," समोरच्या कलाबाई ओट्यावर बसून म्हणाल्या. "आता घरचं लेकरू कशी ठेवते ते पाहू."

पुष्पांजलीने बाळंतपणाहून आल्याच्या पहिल्याच दिवशी सासऱ्यांकडून शब्द घेतला होता.

"आबा, सहा महिने काही म्हणजे काही द्यायचं नाही. बोटभर बी नाही."

"हाव," पुंजाजी म्हणाले होते. पुंजाजी शब्दाचे पक्के होते. त्यांनी तो साडेचार महिने पाळला.

त्यानंतर जे झाले त्याचे कारण कवळी. हर्षलच्या, म्हणजे मुलाच्या लग्नात चार पाहुण्यांत शोभावे म्हणून पुंजाजींनी खामगावला जाऊन कवळी बसवून घेतली होती. ती शोभायला उत्तम होती, पण चावायला टोचायची. म्हणून जेवायला बसले की ते ती काढून स्टीलच्या पेल्यात ठेवत आणि दूध-भाकरीचा काला बोळक्या तोंडाने खात. हे फक्त घरात. गावाला त्यांचे दात खरे वाटत, असे त्यांना वाटे.

दुपारी पुष्पांजली धुण्याला बसली की छकुली आजोबांच्या मांडीवर असे. कवळी निघाली की ती हसे. मग ताटातून तोंडाकडे जाणाऱ्या प्रत्येक घासाबरोबर तिचे डोळे वर जात आणि रिकाम्या हाताबरोबर खाली येत. कोणी इतके टक लावून पाहत असेल, तर पुंजाजींसारख्या माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही. एके दिवशी त्यांनी काल्यात बोट बुडवले. दुसऱ्या दिवशी बोटाऐवजी चमचा आला.

सहाव्या महिन्यापर्यंत छकुली या कामात तयार झाली होती. तिची एकच समजूत पक्की होती: जेवण सुरू होण्याआधी समोरचा माणूस दात काढून ठेवतो.

बुधवारी अंगणवाडीत धान्याची रांगोळी काढली होती. वजनकाट्याला झेंडूचा हार घातला होता. सतरंजीवर चार लेकरे आयांच्या मांडीवर बसवली होती आणि मागे सासवा बसल्या होत्या. पहिला मान छकुलीचा. उष्टावण मामाच्या हातून करायचे म्हणून दीपक खामगावहून चांदीची वाटी घेऊन आला होता. वाटीत पुष्पांजलीने स्वतः कुस्करलेला वरणभात होता, चमचा उलटा केला तरी पडणार नाही इतका घट्ट.

"फोटोत चमचा तोंडात दिसला पाहिजे," पर्यवेक्षिका निवेदिता मॅडम म्हणाल्या. "नुसता समोर धरलेला चालत नाही."

हर्षलने मोबाईल धरला. दीपकने चमचा पुढे केला. त्याला बत्तीसच्या बत्तीस दात होते आणि तो ते दाखवून हसत होता.

"आ कर, छकुली. आऽ."

छकुलीने त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि ती थांबली. दात कधी निघतात याची ती वाट पाहत होती.

"आऽ," दीपक पुन्हा म्हणाला.

छकुलीने ओठ मिटून घेतले.

"भूक नसेल," मॅडम म्हणाल्या.

"आहे, मॅडम. सकाळपासून मुद्दाम कमी पाजलं," पुष्पांजली म्हणाली.

"सरकारी खाणं आहे न ते," मागून कलाबाईंचा आवाज आला. "लेकराले बराबर समजते."

मागच्या सासवांत समाधानाची कुजबुज झाली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही पक्षांचे एकमत झाले होते.

भिंतीजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या पुंजाजींना रोग माहीत होता आणि औषधही. सांगावे, तर सुनेची इज्जत जाते आणि शब्द मोडल्याचे उघड होते. न सांगावे, तरी सुनेची इज्जत जाते. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा तोंडासमोर धरला, खोकल्यासारखे केले आणि कवळी काढून खिशात टाकली. मग दुपट्टा जरासा बाजूला केला.

छकुली खदखदून हसली आणि तिने तोंड उघडले. दीपकने चमचा आत घातला. घास गेला. टाळ्या पडल्या. पुंजाजींनी कवळी परत बसवली.

"फोटोत मामाचा हातच आला नुसता," हर्षल म्हणाला.

"बावळट," पुष्पांजली हळूच म्हणाली.

"पुन्हा घ्या," मॅडम म्हणाल्या.

तोंड पुन्हा मिटलेले होते. दुपट्टा पुन्हा वर गेला. या वेळी मात्र मॅडमच्या लक्षात आले की लेकरू मामाकडे पाहतच नाही. त्यांनी छकुलीच्या नजरेच्या रेषेत पाहिले, तर तिथे गाल आत गेलेले एक वेगळेच गृहस्थ बसले होते.

"आजोबा, तुम्ही काय करताय?"

"काई नाई," पुंजाजी म्हणाले. दात नसल्यामुळे ते फारच निरागस ऐकू आले.

त्यांना पुढे बोलावण्यात आले. चाळीस बायकांसमोर पुंजाजी कवळी तळहातावर घेऊन उभे राहिले. खामगावच्या दातांची एवढ्या वर्षांची अब्रू गेली, पण फोटो छान आला.

मॅडम खूश झाल्या. "कुटुंबातल्या ज्येष्ठांचा सहभाग! पुष्पांजलीताई, हा तर उपक्रम झाला. बाकीच्या मुलांवर पण करून बघू."

दुसरा नंबर डिंपलच्या मुलाचा होता. पुंजाजींनी त्याच्यासमोर वाकून कवळी बाहेर काढली. पोराने तिच्याकडे पाहिले, पुंजाजींकडे पाहिले आणि असा टाहो फोडला की बाहेरचे कुत्रे उठून गेले. तिसरी गोकुळची मुलगी. ती आवाज ऐकूनच रडू लागली. तिला कवळी दाखवायची गरजच पडली नाही.

मॅडमनी पेन खाली ठेवले.

"ही दोघं घाबरली. मग छकुलीच तेवढी कशी हसते? तिला सवय कुठून?"

पुष्पांजलीने सासऱ्यांकडे पाहिले. पुंजाजींनी टोपी काढली. त्यांना बोलायचे होते, पण आधी कवळी बसवावी की तसेच बोलावे हे ठरेना. तेवढ्यात कलाबाई अर्ध्या उठल्या. नऊ वर्षे त्या या क्षणाची वाट पाहत होत्या.

"मी सांगू काय, मॅडम?"

चौथे लेकरू म्हणजे त्यांचा नातू प्रसेनजित. तो आईच्या मांडीवर बसून होता आणि त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. दीपकच्या हातातला भरलेला चमचा त्याच्या अगदी जवळ आला होता. प्रसेनजित पुढे झुकला, त्याने चमचा ओढून साफ केला, उलटा करून मागची बाजू चाटली आणि चमचा परत न देता वाटी मागितली.

सगळ्यांनी हे पाहिले.

"सांगा ना, आजी," मॅडम म्हणाल्या.

"काई नाई," कलाबाई खाली बसल्या. "पंखा लय जोरात फिरून राह्यला, एवढंच म्हनत होती."

मॅडमनी घड्याळ पाहिले. मग त्यांनी अहवालात लिहिले, 'लाभार्थ्यांनी पूरक आहारास उत्स्फूर्त प्रतिसाद दिला', आणि त्या पुढच्या गावाला गेल्या.

दुपारी पुंजाजी ओसरीवर बोळक्या तोंडानेच बसले होते. पुष्पांजली छकुलीला, तिची वरणभाताची वाटी आणि मोबाईल घेऊन समोर येऊन बसली. दुसऱ्या दिवशी तिची बाळंतपणाची रजा संपत होती.

"आबा, पूरक आहार कधी सुरू केला त्याची तारीख मागते हे सरकारी ॲप. कोणती टाकू?"

पुंजाजींनी जमिनीकडे पाहिले. "लेकरू टक लावून पाहे, माय. घास उतरे नाही मले."

"तारीख सांगा."

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची," ते म्हणाले. मग म्हणाले, "मी शब्द देल्ला होता, तो मोडला. आता उद्यापासून लेकरू माह्यापाशी ठेवायचं का नाही, ते तू पाह्य. मी काही म्हननार नाही."

पुष्पांजली बराच वेळ मोबाईलच्या काचेवरून बोट फिरवत राहिली.

"मागच्या सोमवारी तुम्ही बँकेत गेले होते न," ती म्हणाली, "तवा मी बी एक चमचा देऊन पाह्यला. म्हटलं, मॅडमसमोर फजिती नको. रंगीत तालीम."

"मंग?"

"तोंडच उघडलं नाही तिनं. तवापासून मले झोप नाही, आबा. साऱ्या गावाच्या लेकराईले चारते, आन माह्यंच लेकरू माह्या हातचं काऊन खात नाही, म्हटलं."

"काऊन?"

"आज समजलं," पुष्पांजली म्हणाली. "माह्ये दात निघत नाहीत."

तिने बुधवारची तारीख टाकली आणि वाटी त्यांच्याकडे सरकवली.