औत सोडणारे नाना

आमच्या बेंबळीचे भानुदासनाना माणूस भेटला की त्याच्या तोंडाकडं बघत नाहीत, आधी खांदा चाचपतात. मागं एका लग्नात अक्षता पडायच्या आत त्यांनी नवरदेवाचा खांदा दाबून पाहिला आणि मुलीच्या बापाला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरगं चांगलंय. फकस्त उजवीला जुपा, डावीला आडंल." तो बिचारा अजून विचारात आहे.

नाना आमचे सख्खे शेजारी. उभा जन्म बैलांच्या मागं गेला. त्यांच्या शेवटच्या जोडीची नावं व्याही आणि जावई. "दोघं बी खायाला फुडं, कामाला मागं," असं म्हणायचे. पण त्या दोघांना पाणी दाखवल्याशिवाय स्वतः कधी जेवायला बसले नाहीत. गेल्या दिवाळीत मुलानं ट्रॅक्टर घेतला आणि जोडी बाजारात गेली. नाना मात्र रिकामा गोठा रोज झाडत राहिले. नेमका त्याच सुमारास मी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करायला गावी आलो आणि नानांच्या तावडीत सापडलो.

माझं ऑफिस म्हणजे ज्वारीची पत्र्याची कोठी. तिच्यावर लॅपटॉप, समोर उंच स्टूल, पाय अधांतरी. आईला दळण काढायचं असलं की भर मीटिंगमध्ये लॅपटॉप उचलून उभं राहायचं. थोड्याच दिवसांत मान अशी आखडली की मागून कुणी हाक मारली तर मी अख्खाच्या अख्खा वळायचो.

नानांनी खांदा दाबला. मी बोंबललो.

"खांदेसूज!" नानांनी निदान केलं. "जू चुकलंय तुजं. बैल उभा ऱ्हाऊन वढतो. तू बसून वढायलास. सुजंल न्हाय तर काय हुईल?"

धाराशिवच्या डॉक्टरांकडं गेलो तर नाना सोबत आलेच. डॉक्टर म्हणाले, स्क्रीन डोळ्यांसमोर घ्या, पाय जमिनीला टेकवा, मधूनमधून उठा आणि ताण घेऊ नका. नानांनी सगळं मन लावून ऐकलं आणि निघताना डॉक्टरांचाच खांदा चाचपला. "तुमाला बी सूज हाय की! हळद-तेल लावा." डॉक्टरांनी लावलं की नाही, कळलं नाही.

पाय टेकवायला आईनं पाट दिला, पण ताण काही कमी होईना. आमच्या मॅनेजरबाई दुपार टळली तरी मीटिंग आवरायच्या नाहीत. नाना खिडकीबाहेरून ऐकायचे. "ह्या बाईच्या आवाजात पराणी हाय," म्हणायचे. पराणी म्हणजे बैलाला टोचायची काठी. एके दिवशी बाई टार्गेटवरून कडाडत असताना खिडकीतून आरोळी आली, "आरं दत्त्या, औत सोड! ऊन डोक्यावर आलं, बैलाला पानी दावशील का न्हाय?"

माझा माईक चालू होता. मला वाटलं, गेली नोकरी. मग बाईंनी हळूच विचारलं, "हे कोण?"

"शेजारी आहेत, मॅडम."

"बरोबर बोलतायत. जेवून या सगळे."

तेव्हापासून आमच्या टीममध्ये जेवणाच्या सुटीला औत सोडणं म्हणतात. एखाद्या दिवशी आरोळी आली नाही तर बाईच विचारायच्या, "नाना कुठं गेले आज?"

पोळ्याच्या तोंडावर कंपनीचा निरोप आला, सगळ्यांनी पुण्याला हजर व्हा. मी नानांना सांगितलं. तिथं चांगली खुर्ची आहे, वर-खाली होते, पाठीला टेकू आहे, काळजी करू नका.

"आन सोडनार कोन?" एवढंच विचारून नाना उठून गेले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. वर्षभर जू वाहिलेले बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं त्यांना आवतण द्यायचं. दिवस कलला तशी गल्लीत घुंगरं वाजायला लागली. नानांचा गोठा झाडलेला होता, सडा घातलेला होता आणि रिकामा होता. मी कोठीसमोर बसून काम उरकत होतो, तेवढ्यात खांद्यावर काहीतरी थंडगार लागलं. मागं नाना होते. एका हातात वाटी, दुसऱ्यात मळायला पळसाचं पान.

"हालू नको," म्हणाले.

आधी डावा खांदा मळला, मग उजवा. शर्ट पिवळाजर्द झाला. शेवटी खांद्यावर थाप मारून हलक्या आवाजात म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." आणि त्यांनी पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडं बघितलं. डोळे भरले होते.

"येतो, नाना," म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी पोटभर पुरणपोळी खाल्ली.

पुण्यातली खुर्ची खरंच चांगली आहे. मानही आता वळते. पण दुपार झाली की फोन वाजतो.

"सोडलं का?"

"सोडलं, नाना."

"पानी पे," म्हणतात आणि फोन ठेवतात. त्यांचा मुलगा सांगतो, तो फोन झाल्याशिवाय नाना ताटावर बसत नाहीत.