पंपाशिवाय फिरणारं पाणी

"लाईट गेली तर जाऊ द्या! ताई येईपातूर आबा गार राहत्याल, ही माझी जबाबदारी!"

वडिलांच्या शवपेटीवर थाप मारून नवनाथने हे जाहीर केलं. ओट्यावरच्या बाया क्षणभर रडायच्या थांबल्या.

म्हाळू आबा पहाटे गेले. लेक भाग्यश्री हैदराबादेहून गाडीत बसली होती. दौंडला उतरून जीपने केंदूरला यायची. "एकदा तोंड बघू द्या, तवर थांबा," एवढंच ती फोनवर म्हणाली. म्हणून तळेगाव ढमढेऱ्याहून गार पेटी आणली, आबांना आत ठेवलं, आणि गावची डीपी जळून लाईट गेली! वर एप्रिलचं ऊन. जनरेटरवाल्याला फोन केला, तर जनरेटर यवतला लग्नात!

नवनाथ डगमगला नाही. तो दक्षिणेतल्या एका अणुवीज केंद्रात पाइप फिटर म्हणून राहून आला होता.

"अणुभट्टी बंद केली तरी आतली धग लगेच मरत न्हाई," तो चुलतभाऊ हनुमंतला सांगू लागला. "पाणी फिरतं ठेवावंच लागतं. आन् लाईट गेली, पंप बंद पडले, तर?"

"तर पळायचं!"

"येडा हाईस! पाणी आपलं आपण फिरतं. भट्टीपाशी तापलं की हलकं होऊन वर चढतं. वर गार व्हायची सोय असती. गार झालं की जड होऊन परत खाली. पंप नको, डिझेल नको!"

"आबा काय अणुभट्टी हायेत व्हय? बर्फ आण आन् लाव अंगाभवती."

"आन् बर्फाचं पाणी सुटल्यावर? ताईनं बापाला भिजलेल्या कोंबडीवानी बघायचं का?"

नवनाथने तांब्याच्या नळीचं वेटोळं आबांच्या दोन्ही अंगांनी बसवलं, त्यात पाणी भरलं, टोकांना प्लास्टिकच्या पारदर्शक नळ्या जोडल्या आणि त्या बर्फाच्या टबात सोडल्या. टब उंच टेबलावर ठेवला, एवढ्यात रंगुआत्या, आबांची बहीण, कडाडली.

"आबांच्या वर टब? त्यांच्यापुढं आजवर कोण खाटंवर बसलं न्हाई, आन् तू बर्फाला बसवतूस?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. टब जमिनीवर आला, पेटी दोन बाकांवर चढली. हे उलटं झालं, हे नवनाथला कळत होतं. पण आत्यापुढं शास्त्र सांगायची छाती त्याने अणुवीज केंद्रातल्या साहेबांकडेही पाहिली नव्हती. 'थोडं खालीवर चालतंय,' तो मनात म्हणाला.

चाललं नाही! गार पाणी तळाला रुसलेल्या जावयासारखं बसून राहिलं. शेवटी पाणी वर खेचायला नवनाथने एक नळी तोंडात धरून जोरात ओढली.

"अगं बया! ह्यो मयतापाशी हुक्का वढतोय!" आत्या किंचाळली.

दोघांनी त्याला मागे खेचलं. नळी निसटली आणि आबा भिजले. अगदी कोंबडीवानी! हनुमंतने त्यांचा सदरा बदलला, नवनाथने पुन्हा नळ्या जोडल्या. त्यात दुपार कलली. पेटीभोवतीची हवा बदलली. बायांनी पदर नाकाला लावले. अगरबत्त्यांचे पुडेच्या पुडे पेटले.

"ठेव बाबा तुझा टब वर," आत्या हळूच म्हणाली. "माझ्या डोस्क्यावर ठेव!"

पेटी खाली आली, टब टेबलावर गेला. नवनाथने टबात गुलालाची चिमूट सोडली. लाल रेघ हळूहळू एका नळीत शिरली आणि बऱ्याच वेळाने दुसरीतून वर आली.

"फिरलं! हनुमंता, पंपाबिगर फिरलं!"

हनुमंतने टबात हात घातला. "बर्फ कुठाय रं?"

बर्फ केव्हाच विरघळला होता. आबांभोवती कोमट पाणी अगदी शास्त्रशुद्ध फिरत होतं!

तेवढ्यात भाग्यश्रीचा फोन आला. गाडीला उशीर झाला, आत्ता दौंडला उतरले. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "आता थांबता यायचं न्हाई," आत्याच म्हणाली. मग तिरडी उचलली.

भाग्यश्री थेट स्मशानात पोचली, तेव्हा चिता भडकली होती. ती नुसती उभी राहिली. नवनाथ जवळ गेला. काहीतरी बोलायला हवं होतं.

"ताई, शेवटी पाणी फिरलं हुतं. खरंच फिरलं."

तिने डोळे पुसले. "तोंड कसं दिसत हुतं रं आबांचं?"

नवनाथ घुटमळला. नळीचा एकेक वाक त्याला पाठ होता. पण आबांच्या तोंडात शेवटचं पाणी घालतानासुद्धा, टब आणखी वीतभर वर हवा होता, हेच त्याच्या डोक्यात होतं. तोंड बघायचं राहूनच गेलं होतं!