मूळ स्थितीतली सीट

साडेदहाच्या सुमारास इंजिनातून वाफ यायला लागली तेव्हा ड्रायव्हरला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. ट्रक चव्वेचाळीस वर्षांचा होता, त्यातली एकवीस वर्षं तो ड्रायव्हरच्या गळ्यात पडलेला होता, आणि आश्चर्य वाटून घ्यायची ताकद कधीच संपली होती. मागे विटा भरलेल्या. बारापर्यंत त्या बांधकामावर पोचवायच्या होत्या. मालकाने सकाळी चक्क शब्द दिला होता, "विटा वेळेत पोचव, उद्या तुला नवीन सीट टाकून देतो."

सीटचं एवढं काय, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या सीटवर तासभर बसून बघावं. तिच्यातली एक स्प्रिंग गादी फाडून वर आली होती. ड्रायव्हर तिच्यावर पोतं घडी करून टाकायचा आणि ती पोत्यातूनही त्याला बरोबर शोधून काढायची. रोज घरी गेल्यावर बायको त्याची कंबर चोळायची आणि चोळता चोळता मालकाचा उद्धार करायची. मालक मात्र एकवीस वर्षांत ड्रायव्हरच्या बाजूने एकदाही ट्रकमध्ये चढला नव्हता. त्याच्या मते सीट उत्तम होती.

रस्त्यालगतच्या मैदानात नळ दिसला म्हणून ड्रायव्हरने ट्रक आत वळवला. फाटकावर छातीला बिल्ला लावलेला एक उत्साही माणूस हात हलवत धावत आला.

"या, या! उशीर केलात जरा."

"पाणी मिळेल का?"

"सगळं मिळेल. आधी आत घ्या. तिसरी रांग." असं म्हणून त्याने काचेवर सतरा नंबरचा कागद चिकटवला. त्या काचेवर आजवर इतक्या लोकांनी इतके कागद चिकटवले होते, की हा कशाचा हे ड्रायव्हरने विचारलंही नाही.

इंजिन जरा निवल्यावर पाणी भरून त्याने मान वर केली, तर पुढे, मागे, दोन्ही बाजूंना ट्रकच ट्रक. सगळे जुने, पण त्यांच्या पत्र्यात बघून भांग पाडावा इतके चकचकीत. जुने ट्रक जपणाऱ्या हौशी मंडळींचं ते प्रदर्शन होतं.

"ही गाडी काढा हो जरा. मला निघायचंय."

"आता कसं? निकाल लागेपर्यंत एकही गाडी हलत नाही," बिल्लेवाला म्हणाला. "तीन वाजता."

"अहो, मी स्पर्धेत नाहीये. मी विटा घेऊन चाललोय."

"विटासुद्धा भरून आणल्यात!" बिल्लेवाल्याने हात जोडले. "एवढं कुणी करत नाही हो."

बारा वाजून गेल्यावर मालकाचा फोन आला. "कुठे मेलास?"

"प्रदर्शनात."

"कसल्या?"

"आपल्याच गाडीच्या."

मालक जे बोलला त्यातलं "तिथेच थांब, येतो" एवढंच लिहिण्यासारखं होतं. नवीन सीट गेली, हे ड्रायव्हरला कळून चुकलं. त्याला वाईट वाटलं, पण ते वाटायलाही बसावं लागतं, आणि बसायचं म्हणजे पुन्हा त्याच सीटवर.

तेवढ्यात परीक्षक आले. पांढरी टोपी, हातात वही. त्यांनी पिचकलेल्या पत्र्यावरून हळुवार हात फिरवला.

"हे असं कुठे करून घेतलंत?"

"पुलाच्या कठड्यावर."

"आणि दाराला ही दोरी?"

"कडी तुटलीय. मालक आणून देत नाही."

"हॉर्न?"

"वाजत नाही. सात वर्षं झाली."

परीक्षकांनी टोपी काढली. मग त्यांनी आत डोकावून पोतं उचललं आणि जवळजवळ ओरडलेच, "अहो, ही तर मूळ सीट! मूळ स्प्रिंग!"

"हो. आमची रोज भेट होते," ड्रायव्हर म्हणाला.

तीनला मालक स्कूटरवरून उतरला तो बाह्या सरसावतच. त्याने तोंड उघडलं आणि नेमका लाउडस्पीकर बोलला, "मूळ स्थितीत जपलेला ट्रक, पहिला क्रमांक, सतरा नंबर!" मालकाने तोंड तसंच ठेवलं, फक्त त्याचं हसू केलं आणि मंचावर जाऊन ढाल घेतली.

"पोटच्या पोरासारखा जपलाय हो," तो माइकवर म्हणाला. मालकाचा पोरगा तिथे असता तर घाबरला असता.

खाली आल्यावर ड्रायव्हरने विचारून बघितलं, "मालक, सीटचं तेवढं..."

"वेड लागलंय का तुला? मूळ सीट आहे ती! हात लावायचा नाही कुणी. पुढच्या वर्षी परत आणायचाय. हॉर्नलाही हात लावू नकोस." मग उदार होऊन म्हणाला, "विटा काय, संध्याकाळपर्यंत दे सावकाश." आणि ढाल पायांत उभी करून स्कूटरवरून निघून गेला.

ड्रायव्हर पायरीवर बसून राहिला. इतकी वर्षं सीट नुसती मोडकी होती, आता तिला मान मिळाला होता. मोडक्या वस्तूची तक्रार तरी करता येते.

शेजारच्या, त्याच बनावटीच्या लालभडक ट्रकमधून एक माणूस उतरला. दातांचा डॉक्टर होता. "अकरा वर्षं," तो उगाचच म्हणाला. "प्रत्येक रविवार. एकेक नट सोडून घासलाय. बायको बोलायची बंद झाली. आणि दुसरा नंबर. का, तर म्हणे सगळं झकास, पण सीट नवी आहे."

"नवी आहे?"

"जाड फोमची. खास बनवून घेतली. मूळची कुठे मिळालीच नाही." डॉक्टरने आवाज खाली आणला. "तुमची... विकाल?"

"मालकाची आहे. विकता नाही येणार," ड्रायव्हर म्हणाला, आणि सहज म्हणून लाल ट्रकमध्ये चढला. बसला. बराच वेळ उतरलाच नाही. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच त्याची कंबर गप्प होती.

"बदलता येईल," तो आतूनच म्हणाला.

"मालकाला कळलं तर?"

"तो या बाजूने चढत नाही. आणि वर पोतं असतंच."

चार बोल्ट होते, आणि पाने डॉक्टरकडे सगळ्या मापांचे होते. वीस मिनिटांत काम झालं. पुढच्या गाड्या हलल्या तेव्हा डॉक्टर आपल्या ट्रकमध्ये चढून जुन्या सीटवर बसला. "आई गं!" तो कळवळला. मग डोळे पुसत, अतिशय समाधानाने म्हणाला, "वा! अगदी ओरिजिनल."

ड्रायव्हरने पोतं सारखं केलं आणि ट्रक चालू केला. जाता जाता हॉर्न वाजवून डॉक्टरचा निरोप घ्यावा असं त्याला फार वाटलं, पण हॉर्न मूळ स्थितीत होता.